रेझ्युमेची ऑनलाइन साधने : कोणते काम कोणाकडे सोपवावे?

रेझ्युमे बनवून देणाऱ्या संकेतस्थळांचा धंदा मुख्यतः दोन भीतींवर चालतो. पहिली भीती यंत्राची : शंभरातले पंचाहत्तर रेझ्युमे संगणकच बाद करतो, ते माणसापर्यंत पोहोचतच नाहीत. दुसरी भीती माणसाची : पोहोचलाच, तरी सहा सेकंदांच्या वर तो कोणी पाहत नाही. ही दोन वाक्ये वाचून उमेदवार पुरेसा धास्तावला की ‘आमचे टेम्प्लेट वापरा’ हे तिसरे वाक्य येते आणि त्याखाली किंमत असते.

पंचाहत्तर टक्क्यांच्या दाव्यामागे पडताळून पाहता येईल असे कोणतेही संशोधन नाही. हा आकडा एका जाहिरातीतून दुसऱ्या जाहिरातीत फिरत राहिला, एवढाच त्याचा आधार. सहा सेकंदांच्या गोष्टीत मात्र तथ्य आहे. ‘द लॅडर्स’ या अमेरिकी नोकरी-संकेतस्थळाने भरती करणाऱ्यांच्या नजरेचा माग घेऊन २०१२ मध्ये हा आकडा काढला. २०१८ मध्ये त्यांनी पुन्हा पाहणी केली तेव्हा तो ७.४ सेकंद भरला. ही पहिल्या चाळणीची वेळ आहे, निवडीची नव्हे. याच पाहणीत असेही दिसले की स्पष्ट मथळे आणि साधी मांडणी असलेल्या रेझ्युमेवर नजर जास्त रेंगाळते, तर दाटीवाटीच्या, अनेक रकाने पाडलेल्या रेझ्युमेवर ती भरकटते.

यंत्राच्या बाबतीत खरी अडचण वेगळीच आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि ॲक्सेंचर यांनी २०२१ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या मालकवर्गाची पाहणी केली. काम करू शकणारे उमेदवार केवळ ठरवून दिलेल्या अटींच्या चौकटीत नेमके बसत नाहीत म्हणून यंत्रणेतून गळतात, हे ८८ टक्के मालकांनी मान्य केले. म्हणजे गळतीचे मूळ मालकाने घातलेल्या अटींत आहे. फॉन्ट किंवा रंग बदलून ती थांबत नाही.

तिसरा पुरावा भाषेचा. एमआयटीतल्या अर्थशास्त्रज्ञांनी एका ऑनलाइन रोजगार-बाजारात जवळजवळ पाच लाख नवख्या उमेदवारांवर प्रयोग केला आणि त्याचा शोधनिबंध २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. काही उमेदवारांना रेझ्युमे लिहिताना शुद्धलेखन, व्याकरण आणि शैलीच्या चुका दाखवणारे साधन दिले, बाकीच्यांना दिले नाही. साधन मिळालेल्यांना काम मिळण्याची शक्यता आठ टक्क्यांनी वाढली आणि त्यांना काम देणारेही पुढे नाराज झाल्याचे दिसले नाही. हे साधन चॅटजीपीटी येण्याआधीचे, म्हणजे आजच्या मानाने अगदी साधे होते.

या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की साधनांचा बाजार जोखायला एक माप हाती येते. मांडणी साधी पुरते, मजकूर जाहिरातीतल्या अटींना उत्तर देणारा लागतो आणि स्वच्छ भाषेचा फायदा होतो. बाजारात सर्वाधिक साधने, सर्वाधिक झगमगाट आणि सर्वाधिक वर्गणी मात्र मांडणीच्या नावावर आहे. म्हणून हा आढावा साधनांच्या नावांऐवजी कामांच्या क्रमाने घेतला आहे : आधी साहित्य, मग भाषा, मग मांडणी, मग तपासणी आणि शेवटी पोहोचवणे.

साहित्य : आपण नेमके काय केले?

तालुक्याच्या गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात किंवा सायबर कॅफेत आजही एक जुनी फाइल उघडली जाते आणि तिच्यात नाव बदलून रेझ्युमे तयार होतो. वर ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह : टु वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्न्मेंट’, मधे शिक्षणाचा तक्ता, त्याखाली एमएस-सीआयटी, मग वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद म्हणून वाचन आणि संगीत ऐकणे, शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ असे प्रतिज्ञापत्र आणि सही. लग्नाच्या बायोडेटाची ही धाटणी नोकरीच्या कागदात शिरली ती अजून बाहेर पडलेली नाही. तिच्यात उमेदवाराची सगळी माहिती असते, फक्त त्याला काय काम येते ते नसते. एमएस-सीआयटी लिहिलेले असते, पण एक्सेलमध्ये पगारपत्रक करता येते की नाही ते कळत नाही.

ही उणीव भरून काढायला सर्वांत उपयोगी पडणारी साधने ‘रेझ्युमे बिल्डर’ या नावाने ओळखलीच जात नाहीत. त्यांतले पहिले ओ-नेट. अमेरिकेच्या श्रम मंत्रालयाने चालवलेल्या या मोफत संकेतस्थळावर नऊशेहून अधिक व्यवसायांची माहिती आहे. व्यवसायाचे नाव टाकले की त्यातली नेहमीची कामे, लागणारी कौशल्ये, वापरली जाणारी यंत्रे व सॉफ्टवेअर यांची यादी समोर येते. लेखनिक, परिचारिका, गोदाम-पर्यवेक्षक, वेल्डर असे सगळे त्यात सापडतात. यादी अमेरिकेतल्या कामाची असल्याने ती उतरवून काढायची नाही. एकेक ओळ वाचून ‘हे मी करतो का, किती करतो?’ असे स्वतःला विचारायचे. रोज करत असलेली पण सांगण्याजोगी वाटत नसलेली निम्मीअधिक कामे अशा वेळी आठवतात.

आपल्याकडेही याच्या तोडीची सामग्री आहे, पण नोकरी शोधणाऱ्यांत ती फारशी ठाऊक नाही. केंद्र सरकारच्या ‘राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५’ मध्ये प्रत्येक व्यवसायाला आठ अंकी क्रमांक आणि कामाचे वर्णन दिले आहे. ‘नॅशनल क्वालिफिकेशन्स रजिस्टर’ या संकेतस्थळावर कौशल्य अभ्यासक्रमांच्या फाइली खुल्या आहेत आणि त्या त्या कामात माणसाला काय काय करता आले पाहिजे हे त्यांत मुद्देसूद लिहिलेले असते. आयटीआय झालेल्या मुलामुलींना याचा मोठा उपयोग आहे, कारण त्यांच्या कामाला शब्द पुरवणारे दुसरे काही त्यांच्या हाताशी नसते.

समजा, चाकणच्या एका कारखान्यात दोन वर्षे सीएनसी मशीन चालवणाऱ्या तरुणाचा रेझ्युमे आहे. त्यात एवढेच लिहिले आहे : ‘रिस्पॉन्सिबल फॉर मशीन ऑपरेशन. हार्डवर्किंग अँड ऑनेस्ट.’ यादी समोर ठेवून त्याने स्वतःला प्रश्न विचारले तर उत्तरे अशी निघतील : दोन टर्निंग मशीन एकाच वेळी चालवतो. इन्सर्ट बदलणे आणि ऑफसेट देणे स्वतः करतो, सेटरची वाट पाहत नाही. फर्स्ट पीस मायक्रोमीटरने तपासून नोंद करतो. पाळी संपताना रिजेक्शनचा तक्ता भरतो. तीन नव्या पोरांना मशीन शिकवले. हे पाच मुद्दे म्हणजेच त्याचा रेझ्युमे. पुढची सगळी साधने या मुद्द्यांवर हात फिरवतील, पण हे मुद्दे त्यांना स्वतःहून सुचणार नाहीत.

साहित्याचा दुसरा झरा म्हणजे खुद्द जाहिराती. आपल्याला हव्या त्या पदाच्या दहा-बारा जाहिराती नोकरी डॉट कॉम, इंडीड किंवा लिंक्डइनवरून घेऊन एका फाइलमध्ये चिकटवाव्यात आणि पुन्हा पुन्हा येणारे शब्द अधोरेखित करावेत. ‘जीएसटी रिटर्न’, ‘टॅली प्राइम’, ‘व्हेंडर रिकन्सिलिएशन’ हे शब्द दहापैकी आठ जाहिरातींत असतील आणि आपण ती कामे करत असू, तर ते रेझ्युमेत त्याच शब्दांत यायला हवेत. भरती करणारा हेच शब्द टाकून शोध घेत असतो. यासाठी गुगल डॉक्सची एक कोरी फाइल पुरते.

भाषा : मराठीत विचार, इंग्रजीत कागद

मराठी माध्यमात शिकलेल्या उमेदवाराची अडचण इथे सुरू होते. काम नीट येते, मराठीत ते घडाघडा सांगताही येते, पण कागद इंग्रजीत हवा असतो. या टप्प्यावर साधनांनी गेल्या काही वर्षांत खरोखर मोठी मजल मारली आहे आणि एमआयटीच्या प्रयोगाचा निष्कर्ष पाहता तिचा सर्वाधिक लाभ याच उमेदवारांना होऊ शकतो.

सुरुवात बोलण्यापासून करता येते. गुगल डॉक्समधील व्हॉइस टायपिंगला मराठी समजते. दहा मिनिटे आपल्या कामाबद्दल बोलावे आणि उमटलेला मजकूर दुरुस्त करून घ्यावा. मग तो चॅटजीपीटी, जेमिनी किंवा तत्सम साधनाला द्यावा. मात्र ‘माझा रेझ्युमे लिहून दे’ असे सांगू नये. आधी ‘मला माझ्या कामाबद्दल एकेक करून दहा प्रश्न विचार’ असे सांगावे. ती साधने प्रश्न बरे विचारतात : किती जणांची टीम होती, किती काळात झाले, आधी काय स्थिती होती, तुमचा स्वतःचा वाटा कोणता. उत्तरे मराठीत दिली तरी चालतात. उत्तरे झाल्यावर ‘यातले काहीही न वाढवता, साध्या इंग्रजीत, प्रत्येक मुद्दा एका ओळीत लिही’ असे सांगितले की हाती येणारा कच्चा मसुदा बहुधा कामाचा असतो.

असे न करता थेट मागणी केली तर तीन दोष हमखास शिरतात. पहिला दोष खोट्या आकड्यांचा. ‘उत्पादकता ३० टक्क्यांनी वाढवली’ असे वाक्य साधन बेलाशक लिहून देते, कारण चांगल्या रेझ्युमेत आकडे असतात एवढेच त्याला ठाऊक असते. मुलाखतीत ‘तीस टक्के कसे मोजले?’ असा पहिलाच प्रश्न आला की उमेदवार अडकतो. दुसरा दोष एकसारखेपणाचा. ‘रिझल्ट्स-ड्रिव्हन प्रोफेशनल’, ‘स्पिअरहेडेड’, ‘लेव्हरेज्ड’ ही शब्दसंपदा आता इतक्या रेझ्युमेंत दिसते की भरती करणारा त्या ओळी न वाचताच पुढे जातो. तिसरा दोष तोंडाचा आणि कागदाचा मेळ न बसण्याचा. कागदावर चढवलेली इंग्रजी उमेदवाराच्या बोलण्यात नसेल, तर मुलाखत सुरू होताच ते उघडे पडते. यावर साधा नियम असा : जो शब्द आपल्याला मोठ्याने उच्चारून समजावून सांगता येणार नाही, तो रेझ्युमेत ठेवू नये.

शुद्धलेखन आणि व्याकरणासाठी ग्रामरली आणि लँग्वेजटूल ही दोन नावे पुरेशी आहेत. दोन्हींची मोफत आवृत्ती रेझ्युमेच्या एक-दोन पानांना पुरून उरते, लँग्वेजटूलचा गाभा तर मुक्तस्रोत आहे. एक सावधगिरी बाळगावी लागते. रेझ्युमेत पूर्ण वाक्ये नसतात, क्रियापदाने सुरू होणारे तुकडे असतात आणि ही साधने कधी कधी तेच चूक म्हणून दाखवतात. अशी सूचना दुर्लक्षित केली तरी चालते. ‘टाटा ऑटोकॉम्प’चे ‘टाटा ऑटोकॉर्प’ झाले आहे का, हे मात्र साधनाला कळत नाही. कंपनी, महाविद्यालय आणि गावांची नावे स्वतःच वाचावी लागतात.

क्रियापदे कोणती वापरावीत यासाठी हार्वर्डसह अनेक अमेरिकी विद्यापीठांच्या करिअर केंद्रांनी मोफत पुस्तिका आणि क्रियापदांच्या याद्या खुल्या ठेवल्या आहेत. सशुल्क साधनांत ‘तज्ज्ञांच्या टिप्स’ म्हणून जे दिले जाते त्यातले बरेचसे या पुस्तिकांत आधीपासून आहे.

मांडणी : सर्वाधिक गर्दीचा बाजार

इथे थोडक्यात आटोपणेच योग्य. गुगल डॉक्स आणि मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये मिळणारी मोफत टेम्प्लेटे बहुतेक नोकऱ्यांना पुरतात. फाइल आपल्याच खात्यात राहते, कधीही बदलता येते आणि पीडीएफ करता येते. वर्डमध्ये एकच काळजी घ्यावी : फोन आणि ईमेल पानाच्या हेडरमध्ये टाकू नयेत. काही भरती-प्रणाली हेडरमधला मजकूर वाचत नाहीत आणि उमेदवाराचा पत्ताच हरवतो.

२०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेले कॅनव्हा आज विद्यार्थ्यांत सर्वांत लोकप्रिय दिसते. डिझाइन, जाहिरात, समाजमाध्यमे, इव्हेंट अशा क्षेत्रांत, जिथे रेझ्युमे माणसाच्या हाती थेट जातो, तिथे ते चांगलेच. इतरत्र त्याच्या तीन सवयी नडतात. मजकूर वेगवेगळ्या चौकटींत असल्याने यंत्राकडून तो भलत्याच क्रमाने वाचला जाऊ शकतो. दोन रकान्यांच्या टेम्प्लेटात डावीकडची कौशल्ये उजवीकडच्या अनुभवात मिसळतात. आणि कौशल्य दाखवणाऱ्या पट्ट्या किंवा टिंबे यंत्राला दिसत नाहीत, माणसाला कळत नाहीत. ‘पायथन’समोर पाचपैकी चार टिंबे भरली म्हणजे नेमके काय येते, हे कोणीही सांगू शकणार नाही. कॅनव्हाच वापरायचे असेल तर एका रकान्याचे टेम्प्लेट निवडावे आणि पीडीएफ उतरवताना ‘फ्लॅटन’ हा पर्याय घेऊ नये. त्याने अक्षरांचे चित्र होते आणि यंत्राच्या दृष्टीने पान कोरे राहते.

अभियांत्रिकी आणि संशोधन क्षेत्रांत ओव्हरलीफचा बोलबाला आहे. २०१२ मध्ये सुरू झालेले हे संकेतस्थळ लॅटेक्स ही टंकजुळणीची प्रणाली ब्राउझरमध्येच चालवते. त्यातली टेम्प्लेटे स्वच्छ असतात, पण शिकायला वेळ लागतो. ज्याला लॅटेक्स एरवी लागणार नाही त्याने केवळ रेझ्युमेसाठी त्यात पडू नये. रिॲक्टिव्ह रेझ्युमे हे मुक्तस्रोत साधन आणि फ्लोसीव्ही हे मोफत वापरता येणारे साधन, अशा दोन तयार ‘बिल्डर’ची नावे निर्धास्तपणे सुचवता येतील.

बाकीच्या बऱ्याच संकेतस्थळांचा खाक्या ठरलेला आहे. अर्धा तास माहिती भरून घेतात, सुंदर पान दाखवतात आणि ‘डाउनलोड’ दाबले की किंमत सांगतात. ती किंमतही नाममात्र चाचणी-काळाची असते. तो संपला की दरमहा वर्गणी आपोआप कापली जाऊ लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ऑक्टोबर २०२१ पासून अशा आवर्ती वजावटीची सूचना चोवीस तास आधी येणे बंधनकारक आहे. ती सूचना वाचावी आणि बँकेच्या ॲपमधून मान्यता रद्द करावी. त्याहून बरे म्हणजे, कार्डाचा क्रमांक देण्याआधी फाइल मोफत उतरवता येते का ते पाहावे.

परदेशासाठी हिशेब थोडा वेगळा. युरोपीय संघाने २००५ मध्ये सुरू केलेले आणि २०२० मध्ये नव्या रूपात आणलेले युरोपास हे साधन पूर्ण मोफत आहे आणि तिथला सीव्ही जर्मनसह तीसच्या आसपास भाषांत करता येतो. महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी २०२४ मध्ये करार केल्यापासून आपल्याकडच्या परिचारिका, वीजतंत्री आणि चालकांत या विषयाची विचारणा वाढली आहे. त्यांच्यासाठी युरोपासपासून सुरुवात करणे सोयीचे. जर्मनीत तारीखवार तक्त्याचा सीव्ही आणि अनेकदा फोटोही चालतो. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मात्र फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती हे सारे वगळायचे असते.

तपासणी : गुणांचा मोह

जॉबस्कॅन, रेझ्युमे वर्डेड, टील यांसारखी साधने आपला रेझ्युमे आणि जाहिरात शेजारी ठेवून किती जुळते याचे गुण देतात. एमबीएच्या अनेक संस्थांत व्हीमॉक हे असेच साधन विद्यार्थ्यांना संस्थेमार्फतच मिळते. जाहिरातीतला कोणता शब्द आपल्याकडून सुटला हे या साधनांतून पटकन कळते आणि तेवढ्यापुरती ती उपयोगी आहेत. गुणांना मात्र फार किंमत देऊ नये. प्रत्येक साधनाचे सूत्र त्याचे स्वतःचे असते. कंपनीत बसवलेल्या वर्कडे, टॅलिओ, ग्रीनहाउस, झोहो रिक्रूट किंवा डार्विनबॉक्सशी त्या गुणांचा संबंध नसतो. या भरती-प्रणाली मुख्यतः तीन कामे करतात : रेझ्युमेतली माहिती रकान्यांत भरतात, ती शोधता येईल अशी ठेवतात आणि अर्जातल्या प्रश्नांवरून गाळणी लावतात. अनुभव किती, नोटीस पिरियड किती, अपेक्षित पगार किती, पुण्यात यायची तयारी आहे का, या प्रश्नांच्या उत्तरांवर जे अर्ज मागे पडतात, ते कितीही गुण मिळवलेल्या रेझ्युमेने पुढे येत नाहीत.

गुण वाढवण्यासाठी पांढऱ्या अक्षरांत शब्द दडवण्याची क्लृप्तीही सुचवली जाते. माहिती रकान्यांत भरली गेली की ती अक्षरे भरती करणाऱ्याला लख्ख दिसतात आणि उमेदवाराच्या प्रामाणिकपणावरच प्रश्न उभा राहतो.

यंत्राला आपला रेझ्युमे वाचता येतो की नाही याची चाचणी फुकट आणि घरच्या घरी होते. पीडीएफ उघडून सगळा मजकूर निवडावा, कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावा. नाव, फोन, पदे, तारखा क्रमाने आणि नीट उमटले तर यंत्रालाही ते दिसणार. क्रम विस्कटला किंवा अक्षरे गायब झाली तर मांडणी बदलायला हवी.

मराठीत रेझ्युमे पाठवणाऱ्यांनी तर ही चाचणी केलीच पाहिजे. वृत्तपत्रे, प्रकाशनसंस्था, शाळा, सहकारी संस्था इथे मराठी अर्ज चालतो. पण डीटीपीच्या दुकानात श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये तो केला असेल, तर कागदावर सुरेख दिसणारा मजकूर नोटपॅडमध्ये रोमन अक्षरांचा खिचडा होऊन उतरतो. शोधयंत्राला त्यात ‘मुद्रितशोधन’ हा शब्द कधीच सापडणार नाही. मुंबईच्या एक टाइपने बनवलेला मुक्ता किंवा गुगलचा नोटो सान्स देवनागरी असे युनिकोड फॉन्ट मोफत आहेत. तरीही काही पीडीएफमध्ये जोडाक्षरे फुटतात, तेव्हा सोबत वर्डची फाइल जोडावी.

पोहोचवणे : रेझ्युमे कुठे ठेवावा?

१९९७ मध्ये सुरू झालेले नोकरी डॉट कॉम आजही भारतातल्या खासगी नोकऱ्यांचे मोठे दार आहे. तिथे भरती करणारे रेझ्युमेच्या साठ्यात शब्द टाकून शोधतात आणि ‘अलीकडे सक्रिय असलेले’ अशी गाळणीही लावू शकतात. म्हणून प्रोफाइल भरून विसरून जाण्यात अर्थ नाही. २००३ पासून चालणाऱ्या लिंक्डइनवर प्रोफाइलची पीडीएफ एका कळीवर उतरवता येते. तीच रेझ्युमे म्हणून पाठवू नये, ती लांबट आणि विस्कळीत असते. लिंक्डइन आणि रेझ्युमे यांतल्या तारखा मात्र जुळल्या पाहिजेत, कारण भरती करणारे दोन्ही पाहतात. इंटर्नशिपसाठी इंटर्नशाला, दुकान-गोदाम-डिलिव्हरीच्या कामांसाठी अपना ही ॲप रेझ्युमे आपल्या आतच तयार करून घेतात. केंद्राचे नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल २०१५ पासून आहे आणि राज्याचे महास्वयं आहे. दोन्हींवर नोंदणी मोफत असून रोजगार मेळाव्यांची माहिती तिथे मिळते. एमपीएससी, बँका किंवा पवित्र पोर्टलवरील शिक्षकभरती यांना रेझ्युमे लागत नाही, ठरलेला अर्ज लागतो. त्या तयारीत असलेल्यांनी या सगळ्यात वेळ घालवू नये.

प्राध्यापक आणि संशोधकांचा सीव्ही वेगळा. त्यांनी ओर्किडचा सोळा अंकी ओळख-क्रमांक घ्यावा, इन्फ्लिबनेटच्या विद्वान या नोंदवहीत नाव नोंदवावे आणि प्रकाशनांची यादी तिथे अद्ययावत ठेवावी. प्रोग्रॅमरला गिटहब आणि चित्रकार-डिझायनरला बिहान्स रेझ्युमेइतकेच महत्त्वाचे.

जिथे जिथे रेझ्युमे चढवतो तिथे तिथे आपण फोन, पत्ता आणि इतिहास सोडून येतो. आधार, पॅन, बँक खाते, संपूर्ण घरपत्ता यांची रेझ्युमेत गरज नसते. गाव आणि जिल्हा पुरतो. नोकरीसाठी वेगळा ईमेल काढावा. रेझ्युमे वर आणून देतो, मुलाखत पक्की करतो असे सांगून नोंदणी शुल्क मागणारा फोन आला तर तो ठेवून द्यावा. पैसे गेलेच असतील तर सायबर गुन्ह्यांसाठी १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करता येते.

साधनांच्या आवाक्याबाहेरचे

एवढे करूनही उत्तर येत नाही, तेव्हा दोष नेहमी रेझ्युमेचाच असतो असे नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले. पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याची संधी सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश निघाली. शिक्षण आणि अनुभव तोच असताना फक्त नावाने हा फरक पडला. यंत्राकडे निवड सोपवून तो मिटतो असेही नाही. ॲमेझॉनने रेझ्युमेला गुण देणारी प्रणाली प्रायोगिक स्वरूपात बनवली होती. ती दहा वर्षांच्या, मुख्यतः पुरुषांच्या रेझ्युमेवर शिकल्याने स्त्रियांशी संबंधित शब्द दिसले की गुण कापत असे आणि अखेर कंपनीला ती मोडीत काढावी लागली, ही बातमी रॉयटर्सने २०१८ मध्ये दिली. धर्म, वैवाहिक स्थिती, वडिलांचे नाव आणि फोटो रेझ्युमेतून काढणे एवढेच उमेदवाराच्या हाती आहे आणि ते जरूर करावे. उरलेली जबाबदारी नोकरी देणाऱ्यांची आणि कायद्याची आहे.

मग काय वापरावे?

नव्या पदवीधराने गुगल डॉक्सचे साधे टेम्प्लेट, एक व्याकरण-साधन आणि दहा जाहिरातींचा अभ्यास एवढ्यावर भागवावे आणि रेझ्युमे एका पानाचा ठेवावा. आयटीआय किंवा पदविकाधारकाने नॅशनल क्वालिफिकेशन्स रजिस्टर आणि ओ-नेट यांवर एक संध्याकाळ खर्च करावी. त्याचा रेझ्युमे सर्वाधिक तिथेच सुधारेल. मराठीतून शिकलेल्यांनी चॅट-साधनांना प्रश्न विचारायला लावून उत्तरे मराठीत द्यावीत. दहा-पंधरा वर्षे अनुभव असलेल्यांना एखाद्या महिन्यापुरते जुळणी तपासणारे सशुल्क साधन परवडू शकते, पण लिंक्डइन प्रोफाइल दुरुस्त करणे त्यांना अधिक फळते. जर्मनीची वाट धरणाऱ्यांनी युरोपास घ्यावे. मांडणीसाठी वर्गणी भरण्याची गरज यांपैकी कोणालाही नाही.

महाविद्यालयांच्या प्लेसमेंट कक्षांनाही एक विनंती आहे. ठरावीक नमुना वाटून देण्यापेक्षा त्यांनी विद्यार्थ्यांना आपल्या प्रोजेक्टबद्दल, कामाबद्दल पाच खरी वाक्ये मराठीत लिहायला लावावीत आणि मग संगणकासमोर बसवावे. ही पाच वाक्ये तयार असतील तर वर सांगितलेले कोणतेही मोफत साधन पुरेल. ती नसतील तर महागडे साधनही त्या रेझ्युमेचे काही भले करणार नाही.